गोधडीसाठी शिलाई मशीन घेताय? आधी थरांची जाडी बघा

दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "ताई, किती डिझाइनचं दाखवू?" मग सात टाक्यांचं, चौदा टाक्यांचं, एकवीस टाक्यांचं अशी मशिनं समोर मांडली जातात. गोधडीला लागतो एकच टाका, सरळ. बाकीचे वीस टाके वर्षातून एकदाही वापरात येत नाहीत, आणि ज्यासाठी मशीन घेतलं ते काम मात्र अडतं. सुती लुगड्यांचे पाच थर एकत्र घेतले आणि कडेला काठ दुमडला की सुईखाली दहा-बारा थर येतात. मशीनची खरी परीक्षा तिथं होते. आपल्या खानदेशातल्या म्हाताऱ्या बाया अहिराणीत एका वाक्यात सांगतात, "जाड उनं का सुई तुटस," म्हणजे जाड आलं की सुई तुटते. म्हणून मशीन निवडायची सुरुवात मशीनपासून करू नका, गोधडीपासून करा.

आधी ठरवा, शिवायचं काय

बाळाचं दुपटं म्हणजे दोन-तीन मऊ थर आणि साधारण तीन फूट लांबी-रुंदी. ते घरातल्या कोणत्याही धड मशीनवर होतं, त्यासाठी नवीन काही घ्यायची गरज नाही.

लुगड्या-धोतरांची गोधडी हे आपलं मुख्य काम. वर-खाली साडी आणि मध्ये तीन-चार जुने थर. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, त्यामुळे सुईला फार जोर लागत नाही. त्रास होतो तो थर सरकण्याचा. सुईखालचे दाते खालच्या थराला पुढे ओढतात, वरचा थर फूटखाली (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली) मागे रेटला जातो, आणि शेवटी वरच्या साडीला चुण्या पडतात. नायलॉन किंवा सिंथेटिक साड्यांचा थर मध्ये घातला तर हे जास्तच होतं. सिंथेटिक साडी वापरायचीच असेल तर वर किंवा खाली लावा आणि मध्ये सुती थर ठेवा. सुती कापड एकमेकाला धरून राहतं.

तुकडे जोडून नक्षीची गोधडी करायची असेल तर अचूक पाव इंचाची शिवण जमली पाहिजे. तुकडे कापडावर लावून त्यांच्या कडा भरायच्या असतील तेवढ्यापुरता झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाका, उपयोगी पडतो.

जुनी जीन्स, ब्लँकेट किंवा फायबर शीट घालून रजई करणार असाल तर हिशेब बदलतो. त्याचं पुढे सांगते.

एक गोष्ट मात्र मशीनवर करूच नका: पिंजलेल्या सुट्या कापसाची रजई. आपल्या भागात कापूस घरचा असतो, म्हणून हा मोह खूप जणींना होतो. फूट पुढे सरकतं तसा कापूस त्याच्यापुढे ढकलला जातो, एका ओळीत गोळा आणि दुसऱ्या ओळीत नुसतं कापड अशी गत होते. शिवाय कापसाची बारीक तुसं शटलमध्ये (खालचा दोरा फिरवणाऱ्या भागात) जाऊन बसतात. ती रजई गादीवाल्यानेच लांब सुईने आणि जाड दोऱ्याने भरावी. त्याच्या हाताखाली कापूस जागचा हलत नाही.

घरातलं काळं मशीन आधी तपासा

खानदेशात कितीतरी घरांत आईचं किंवा सासूचं पायाचं काळं मशीन कापड टाकून कोपऱ्यात उभं असतं. ते विकून नवीन घेण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. ओतीव लोखंडाचं, सरळ टाक्याचं हे मशीन लुगड्यांच्या गोधडीला फार चांगलं चालतं. सुईखालच्या प्लेटला बारीक गोल भोक असल्यामुळे कापड आत दबत नाही आणि टाका नेटका पडतो. झिगझॅग मशीनच्या प्लेटला आडवं रुंद भोक असतं, तिथं मऊ कापड सुईबरोबर खाली ओढलं जातं.

तपासायचं असं. सुई आणि दोरा काढून चाक हाताने आपल्याकडे फिरवा. चाक सगळीकडे सारखं हलकं फिरलं पाहिजे. एका जागी जड लागत असेल तर बहुतेक वेळा जुनं तेल चिकट झालेलं असतं किंवा शटलमध्ये दोरा अडकलेला असतो, दोन्ही दुरुस्त होतं. मग सुई ज्या दांडीला लावतात ती दांडी दोन बोटांत धरून हलवा. मागे-पुढे खडखड हलत असेल तर आतली झीज आहे आणि जाड थरांवर टाका सुटणार. शेवटी फूट उचलून दाते बोटाने चाचपा. दाते टोकदार लागले पाहिजेत. गुळगुळीत झाले असतील तर गोधडीचं वजन ते ओढू शकत नाहीत, पण नवीन दाते बसवून मिळतात.

पट्टा, दाते, शटल, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी), टेन्शनची म्हणजे दोऱ्याच्या ताणाची स्प्रिंग हे सगळं बदलून घेतलं तरी नव्या मशीनपेक्षा खर्च कमी येतो. माझं मत स्पष्ट आहे: घरच्यासाठी वर्षाला दोन-चार गोधड्या शिवायच्या असतील आणि काळं मशीन धड असेल, तर नवीन घेऊ नका. ते पैसे दुरुस्तीवर आणि मोठ्या टेबलावर घाला.

हाताखालची जागा, जिच्याबद्दल कुणी विचारत नाही

सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. घरगुती मशीनला ते साधारण साडेसहा इंच असतं, कारखान्यातल्या जुकीसारख्या मशीनला दहा इंचांच्या वर.

आता गोधडी साठ इंच रुंद धरा. मधली ओळ मारताना तीस इंच कापड उजवीकडे, म्हणजे याच जागेत, गुंडाळून बसवावं लागतं. सुती लुगड्यांचे पाच थर दाबून दोन मिलिमीटरच्या आसपास भरतात. त्याची गुंडाळी दोन-अडीच इंचांची होते. साडेसहा इंचांत ती सहज बसते आणि हात फिरवायला जागाही उरते. तेच सेंटिमीटरभर जाडीच्या फायबर रजईचं केलं तर गुंडाळी चार ते पाच इंचांची होते. मग हात घालायला जागा नाही, कापड खांबाला घासतं, ओळ वाकडी जाते. फायबरची मोठी रजई घरगुती मशीनवर का जमत नाही याचं कारण मोटरच्या ताकदीपेक्षा या जागेत जास्त आहे.

जागा कमी असूनही रजई करायचीच असेल तर वीस-वीस इंचांच्या तीन पट्ट्या वेगवेगळ्या भरून शिवा, मग त्या जोडा आणि जोडावर सुती पट्टी लावून घ्या. दिसायलाही छान दिसतं.

मशीनचे प्रकार, गोधडीच्या नजरेने

पायाच्या काळ्या मशीनचं वर आलंच. नवीन घेतानाही ते उत्तम. उषा, सिंगर, मेरिट या नावांची मशिनं जळगाव-धुळ्यातच काय, चोपडा-शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावीही माणसांच्या ओळखीची आहेत. त्याला छोटी मोटरही बसवून मिळते. दुकानदार सांगतो तो भाव नुसत्या मशीनचा की स्टँड-टेबलासकट, हे आधी विचारा. इथं गैरसमज खूप होतात.

विजेवर चालणारं पांढरं झिगझॅग मशीन हलकं असतं, आणि गोधडीसाठी तोच त्याचा दोष आहे. पाच-सहा किलोचं मशीन तीन किलोच्या गोधडीबरोबर टेबलावर सरकतं. ब्लाउज, फ्रॉक, फॉल-पिको आणि वर्षातून एखादी गोधडी असं मिश्र काम असेल तरच हे घ्या. घेताना आतली चौकट धातूची आहे का, फूटचा दाब कमी-जास्त करता येतो का आणि दाते खाली पाडता येतात का, हे तीन प्रश्न विचारा. दाते खाली गेले की कापड हवं तसं हाताने फिरवून वेलबुट्टी काढता येते. फूटचा दाब थोडा सैल केला की थर कमी सरकतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी प्लास्टिकची तळहाताएवढी मशिनं गोधडीच्या वाटेला जातच नाहीत, त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तिसरा प्रकार फक्त सरळ टाक्याच्या वेगवान घरगुती मशीनचा. जुकीची टीएल मालिका त्यातली: मिनिटाला दीड हजार टाके, हाताखाली साडेआठ इंच जागा, गुडघ्याने फूट उचलायची सोय. गोधडीसाठी हे फार समाधानाचं मशीन आहे, पण किंमत जास्त असते आणि सुटे भाग, दुरुस्ती गावात मिळेलच असं नाही.

चौथं म्हणजे कारखान्याचं, टेबलात बसवलेलं मशीन. आपल्याकडे त्याला सरसकट जुकीच म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. विकण्यासाठी गोधड्या करणाऱ्या बचत गटाने याचाच विचार करावा. यात दोन उपप्रकार असतात, पातळ-मध्यम कापडाचं आणि जाड कापडाचं. जुकीच्याच डीडीएल-८७०० मध्ये टाका चार मिलिमीटरपर्यंत जातो, तर ८७००एच या जाड कापडाच्या मॉडेलमध्ये पाचपर्यंत. दुकानात बहुतेकदा ड्रेस-शर्टवालं मॉडेल तयार असतं आणि तेच पुढे केलं जातं. "जाड कापडाचं द्या" हे तोंडाने सांगावं लागतं. मोटर सर्व्हो घ्या. जुनी क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत फिरत आणि गुणगुणत राहते. सर्व्हो पाय दिला तरच फिरते, वीज कमी खाते, आणि वेग कमी करून ठेवता येतो. नवशिक्या हाताला हे फार महत्त्वाचं.

पायाचं की मोटरचं, याचा निर्णय आकड्यांनी करा. साठ बाय नव्वद इंचांच्या गोधडीवर इंचा-इंचाच्या अंतराने लांबीच्या ओळी मारल्या तर साठ ओळी होतात, म्हणजे सुमारे १३७ मीटर शिवण. तीन मिलिमीटरचा टाका धरला तर पंचेचाळीस हजारांवर टाके. मिनिटाला सहाशे टाक्यांच्या मशीनवर नुसतं चालवण्याचे सव्वा तास, पायाने मिनिटाला तीनशे टाके पडले तर अडीच तास, आणि गोधडी वळवणं, सारखी करणं वेगळं. वर्षाला दोन गोधड्या असतील तर पाय पुरतो. महिन्याला दहा असतील तर गुडघे पुरणार नाहीत.

विजेचा विचार

खेड्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि उन्हाळ्यात दाबही कमी-जास्त होतो. पायाच्या मशीनला मोटर लावताना पट्टा बदलून पुन्हा पायावर घेता येईल अशी बसवून घ्या, म्हणजे काम थांबत नाही. इलेक्ट्रॉनिक पाट्या असलेलं मशीन इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. साध्या इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते, तापते आणि आतला बोर्ड जायची भीती असते. घरात पंखे मंद-जलद होत असतील तर स्टॅबिलायझर लावा.

नमुना घेऊन दुकानात जा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. घरी ज्या साड्यांची गोधडी करणार त्याच साड्यांचे, तेवढेच थर घेऊन फूटभर चौकोन तयार करा. एका कडेला साडीचा काठ दुमडून टाचून ठेवा. त्याच कापडाच्या दोन पट्ट्या, बरोब्बर बारा इंच लांब, वेगळ्या कापून घ्या. हे पिशवीत टाकून जळगावच्या फुले मार्केटला जा, धुळ्याच्या आग्रा रोडला जा, की आपल्या तालुक्याच्या दुकानात जा. दुकानदार दोन थरांच्या कडक कापडावर मशीन चालवून दाखवतो, त्यावर कोणतंही मशीन सुंदरच शिवतं. आपला नमुना पुढे करा आणि स्वतः चालवा.

आधी दोन पट्ट्या एकावर एक ठेवून, कापड न ओढता, नुसतं हात टेकवून शिवा. शेवटी दोन्ही टोकं बघा. वरची पट्टी दोन-तीन मिलिमीटर पुढे राहिली तर ठीक. अर्धा इंच पुढे राहिली तर नव्वद इंचांच्या गोधडीवर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. मग वॉकिंग फूट लावून हीच परीक्षा पुन्हा घ्या. या फूटला खालच्यासारखेच वरही दाते असतात, त्यामुळे दोन्ही थर बरोबरीने सरकतात. घरगुती मशीनच्या गोधडीसाठी सगळ्यात कामाची वस्तू तीच. तिचा एक दांडा सुईच्या स्क्रूवर बसतो आणि काही मशीनवर तो नीट बसत नाही, म्हणून दुकानातच लावून बघा, घरी जाऊन नको.

मग चौकोन घ्या. मधून शिवत काठाकडे या आणि हळू करा. जिथं थर दुप्पट होतात तिथं कान आणि डोळा दोन्ही लावा. फूट चढलं का, की जागेवर थांबून एकाच भोकात टाके पडले? सुई कापडात अडकून ठक्क आवाज आला का? काठ ओलांडल्यावर टाके पुन्हा पहिल्याएवढे लांब झाले का? आता चौकोन उलटा करा. खाली दोऱ्याचे फास दिसले तर टेन्शन बदलून पुन्हा शिवायला सांगा. दोन-तीनदा बदलूनही खाली फास येत असतील तर ते मशीन सोडा.

फूट पूर्ण उचलल्यावर चौकोनाची जाड कड त्याखाली सहज सरकली पाहिजे. कोंबावी लागत असेल तर रोजचं काम कोंबण्याचंच होईल. झालंच तर दुकानदाराच्याच तोंडून ऐका: सुई कोणत्या जातीची, सुटे भाग इथं मिळतात का, दुरुस्तीला माणूस घरी येतो का. भुसावळ-जळगावपासून चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या बाईला मशीनची कंपनी कोणती यापेक्षा मिस्त्री किती लांब हे जास्त महत्त्वाचं असतं.

जुनं मशीन घेणार असाल तर आणखी एक परीक्षा. सुईत दोरा न घालता वहीच्या कागदावर सरळ ओळ मारा. भोकं सारख्या अंतरावर आणि एका रेषेत हवीत. वाकडीतिकडी पडली तर दाते किंवा सुईची दांडी गेली आहे. रंग काढून नवा लावलेल्या मशीनवर भाळू नका.

पैशाचं थोडं

शिलाई मशीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्की पावती घ्यायला कचरू नका. वॉरंटी पावतीवरच मिळते. शिवणकाम हाच व्यवसाय असेल तर २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे. त्यात प्रशिक्षण, साधनांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पुढे ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत, अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात होते.

मशीन घरी आल्यावर

मशीन भिंतीजवळ लावा आणि डावीकडे व मागे टेबलाच्याच उंचीची जागा करा. दुसरं टेबल, दिवाणावर फळी, काहीही चालेल. गोधडी टेबलावरून खाली लोंबली की तिचं वजन सुईला ओढतं, सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते. सुया तुटण्याचं दोषारोपण मशीनवर होतं, पण निम्म्या वेळा कारण टेबल असतं.

लुगड्यांच्या गोधडीला १६ नंबरची सुई, जीन्स किंवा ब्लँकेटचा थर असेल तर १८. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या मशीनचा गोल. एकीची सुई दुसरीला चालत नाही, तेव्हा दुकानात जुनी सुई दाखवूनच नवीन घ्या. जरीचा काठ शिवला की सुईचं टोक बोथट होतं, म्हणून प्रत्येक गोधडीला नवीन सुई लावा. दोरा चांगल्या प्रतीचा, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर. बारीक टाक्याने गोधडी कडक होते आणि उसवताना कापड फाटतं. वर सांगितलेल्या १३७ मीटर शिवणीला वर-खाली मिळून साडेतीनशे मीटरच्या आसपास दोरा जातो, म्हणून चार-पाच बॉबिन आधीच भरून ठेवा.

थर जमिनीवर पसरा, सगळ्या सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतराने हाताने कच्चे टाके घाला. याला फाटा देऊ नका. आता क्रमाचं. हातशिवणीत आपण कडेने सुरू करून चौकोनात चौकोन करत आत येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण हाताखाली थर ढकलले जात नाहीत. मशीनवर तसं केलं तर सरकलेलं सगळं कापड मध्यभागी येऊन फुगा होतो. मशीनवर पहिली ओळ मधोमध मारा, मग तिच्या एका बाजूला कडेपर्यंत जा, मग दुसऱ्या बाजूला. सगळ्या ओळी एकाच टोकाकडून सुरू करा. एक ओळ खालून वर आणि शेजारची वरून खाली मारली तर त्यांच्यामधलं कापड तिरकं ओढलं जातं. काठाशी आल्यावर पाय सोडा आणि चार टाके चाकाने हाताने घाला.

गोधडी पूर्ण झाली की प्लेट उघडून दाते आणि शटल ब्रशने झाडा. जुन्या सुती कापडाचं तूस तिथं नमद्यासारखं घट्ट बसतं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरात तसंही बारीक तूस उडत असतं. मग तेल. फक्त मशीनचंच पांढरं तेल, खोबरेल किंवा शेंगदाण्याचं कधीच नाही, ते कालांतराने डिंकासारखं घट्ट होतं. तेल दिल्यावर चिंधीवर दोन-चार ओळी मारून बघा, डाग येत नाही याची खात्री झाली की पुढची गोधडी घ्या. नवीन मशीनवर पहिलं काम मोठ्या गोधडीचं नको. एक दुपटं शिवा, ते दोनदा धुवा, आणि कुठं टाका सुटला, कुठं चुणी आली ते बघून टेन्शन आणि फूटचा दाब लावून घ्या.